टोप बसवणारा

"प्रॉम्प्टिंगला मुलगी चालेल, स्टेजवर नको," सेक्रेटरी पडद्यापलीकडे कुणाला तरी सांगत होता. नगरच्या आमच्या नव्या कॉलेजातलं ते पहिलंच गॅदरिंग. माझ्या इंग्रजी शाळेतल्या मराठीला सगळे हसत, म्हणून मी अख्खं नाटक हट्टानं पाठ केलं होतं. नायिका मात्र एक विद्यार्थी होता आणि रंगीत तालमीतही त्याला एक वाक्य धड येत नव्हतं. मी विंगेत धुमसत वाक्यं पुरवत होते.

श्रीगोंद्याहून बोलावलेला रंगपटवाला त्याला बाईच्या केसांचा टोप बसवून, उरलेले केसांचे आकडे ओठांत धरून विंगेत माझ्या शेजारी उभा होता. नायिका तिसऱ्यांदा अडखळली तेव्हा त्यानं आकडे तळहातावर काढले.

"लई गड्यांच्या बाया केल्या मी," तो मला हळूच म्हणाला. "पर बाईनं आडोशाला बसून गड्याला बाईचं बोलनं शिकवायचं, हे आजच बघतोय. राग येत न्हाई व्हय, ताई?"

येत होता. गिळायची सवय होती.

तेवढ्यात सेक्रेटरी आत डोकावला. "अहो, जरा मोठ्यानं सांगा. त्याला ऐकू येत नाही."

मी उठून रंगपटवाल्यापुढे बसले. "त्याचा टोप काढा," मी म्हणाले, "आणि मला बसवा."