कुसुमकाकूंना दिसलेले पक्षी

पक्षी बघणारी माणसं श्वाससुद्धा जपून घेतात, असं मी ऐकून होते. मेश्रामकाका मात्र आमच्या इमारतीमागच्या ओढ्याकाठीही दुर्बीण डोळ्यांना लावली की क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखे सुरू व्हायचे. “आला. पाण्यात उभा होऊन राहिला. एक पाय वर घेतला. आता विचारात पडला, दुसरा कुठं ठेवू.” आणि हे सगळं डावीकडे मान किंचित कलती करून. डावीकडे कुणी नसायचं.

ऐंशीच्या दशकात मी लॉस एंजेलिसजवळ एका लॅबमध्ये नोकरीला लागले, तेव्हा काका आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, तलावांच्या मुलखातले. इथे पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनिअर. त्यांची बायको, कुसुमकाकू, मला कधी भेटल्या नाहीत. काकांची आणि माझी पहिली भेट झाली ती काकू गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनालाच. वंदनेला श्रीलंकेचे बौद्ध भन्ते आले होते. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण वंदनेची पाली सगळ्यांची एकच, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. मी पुण्याहून आलेली, कुणाला न ओळखणारी, बटाट्याची भाजी घेऊन कोपऱ्यात उभी होते. काका जवळ येऊन म्हणाले, “खूप छान केलं आलीस, बेटा. हिला माणसं लागायची.”

त्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं. “चल, तुला वाळवंटातला समुद्र दाखवतो. जॅकेट घे, टोपीपण घे. तिथं दोन्ही लागतं.”

सॉल्टन सी नावाचं ते खारं सरोवर. जाताना गाडीत काका काकूंबद्दल बोलत राहिले. “शुगरनं डोळे नेले तिचे. शेवटी शेवटी उजेड की अंधार, तेवढं कळे. तरी दर हिवाळ्यात आणत होतो मी इथं. मी रंग सांगाले लागलो का म्हणे, ‘रंग राहू द्या हो. काय करून राहिला ते सांगा.’ मी सांगितलं का म्हणे, ‘दिसला.’”

तिथे पोचलो आणि मला परत जावंसं वाटलं. दुरून पांढरी वाळू वाटते ती पायाखाली कुरकुरते, कारण ती माशांच्या हाडांची असते. नाकाला रुमाल लावला तरी मेल्या माशांचा वास हटत नाही. पाणी चढून एक आख्खी वस्ती बुडाली होती; टेलिफोनचे खांब तेवढे पाण्यातून वर आलेले, आणि खांबाखांबावर काळे पाणकावळे पंख पसरून बसलेले. काका मात्र माहेरी आल्यासारखे खुशीत. उथळ पाण्यातल्या लांब गुलाबी पायांच्या पक्ष्यांकडे बघून म्हणाले, “हे आपल्याकडचे शेकाटेच. इथं येऊन ॲक्सेंट बदलला फक्त.”

मग पेलिकन दिसले आणि कॉमेंट्री सुरू झाली. मी काकांच्या डावीकडे उभी राहून बुटाला चिकटलेलं काहीतरी झटकत होते. “पहिला उडाला. पाण्यावर धावून राहिला. आता उचललं अंग.” मी मान खाली घालूनच बोलून गेले, “हो, दिसला.”

काकांची दुर्बीण खाली आली. चेहरा असा पांढरा पडलेला की मी घाबरले.

“खरंच दिसला तुला?”

“नाही काका. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं.”

ते गाडीच्या बॉनेटला टेकले. म्हणाले, “मंग तीपण तसंच म्हणत असेल. एवढ्या उन्हात, या वासात फिरवलं मी तिले. माझं मन राखाले ‘दिसला, दिसला’ करत राहिली असेल. आता कोणाले विचारू?”

काकू नेहमी त्यांच्या डावीकडे उभ्या राहत असणार. रिकाम्या डावीकडे ते इतके दिवस बोलत होते, ते काकूंच्या ‘दिसला’ची वाट बघत. मला फार वाईट वाटलं. मी डोळे घट्ट मिटले. “सांगा काका. ह्या वेळी खोटं नाही बोलणार.”

काका आधी अडखळले. मग सावकाश सांगू लागले. “थवा वर चढला. गोल फिरून राहिला. पंख नाही हलवत. आता आपल्याकडे वळला.” मला काहीच दिसत नव्हतं, मिटल्या पापण्यांमागे नुसतं उन्हाचं केशरी. आणि अचानक ते केशरी विझलं, पुन्हा पेटलं, पुन्हा विझलं. गालावरून गारवा सरकला. वर पंखांचा जड फडफडाट.

“दिसला!” मी ओरडले. “काका, सावली! डोळे मिटूनही कळते!”

काकांनी माझा खांदा घट्ट धरला. “ती तोंड वर करायची,” ते म्हणाले. “थवा आला का तोंड वर. मी म्हणत होतो, कुसुम, ऊन लागेल, मान खाली घाल.”

मग त्यांनी दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली आणि स्वतः डोळे मिटून, तोंड वर करून उभे राहिले. माझी कॉमेंट्री भिकार होती. पांढरे आहेत, पंखांची टोकं काळी आहेत, असं काहीबाही. काका म्हणाले, “रंग राहू दे, बेटा.” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

त्यानंतर त्यांनी डावीकडे बोलणं सोडलं. पुढे काही हिवाळे आम्ही दोघं जात राहिलो, आळीपाळीनं डोळे मिटत. मग काकाही गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनालाही मी बटाट्याची भाजीच नेली.

पुढच्या हिवाळ्यात मी एकटीच त्या किनाऱ्यावर गेले. उजवीकडची काकांची जागा मोकळी सोडून डोळे मिटले, तोंड वर केलं. बऱ्याच वेळानं पापण्यांवरून सावली सरकली, गालाला गारवा लागला. “दिसला,” मी म्हणाले, आणि डोळे उघडले. आभाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामं होतं. उजवीकडे वळून बघायचा मला धीर झाला नाही.