जोड दिलेली काठी

माझ्या भाऊजींना चालायला काठी लागली, तेव्हा ती मीच करून दिली. वीस वर्षं झाली अड्याळला वेल्डिंगचं दुकान चालवतोय. गेटं केली, खिडक्या केल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केल्या. पण त्या काठीइतकं सफाईदार काम माझ्या हातून कधी झालं नाही, आणि तिच्याइतकं मूर्खपणाचंही नाही.

भाऊजी म्हणजे हिरालाल, माझ्या मोठ्या बहिणीचे, वच्छलाबाईचे यजमान. भंडाऱ्यातून गोंदिया फुटून वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षी ते जवाहरनगरच्या फॅक्टरी वसाहतीत माळी म्हणून कायम झाले. आमच्या आईला दोन्ही बातम्या एकदमच कळल्या. "जिल्हा गेला तं गेला, जावई पर्मनंट झाला," म्हणाली आणि गल्लीभर पेढे वाटून आली.

वसाहतीत साहेब लोकांसाठी एक गोल्फचं मैदान होतं. मैदान म्हणजे काय, खडकाळ माळ, मधूनमधून पळसाची झाडं, आणि नऊ भोकं. टीव्हीवर दिसते तसली मऊ हिरवळ तिथे नव्हती. भोकाभोवती जळकं तेल मिसळलेली वाळू पसरलेली असे आणि ती सपाट ठेवणं हे भाऊजींचं काम. रोज सकाळी पोत्याचं ओझं दोरीने ओढत ते नऊच्या नऊ भोकांभोवती फिरायचे. साहेब मंडळी नऊ वाजता चहाला गेली की हे आपले पडलेले चेंडू मारून बघायचे. एका बदली झालेल्या साहेबांनी जाताना जुन्या काठ्यांची पिशवी देऊन टाकली, आणि झालं! वच्छलाबाई म्हणायची, "माह्या घरी सवत आली, आन् तेही पिशवीत घालून."

खेळ सोपा आहे. सगळ्या भोकांत चेंडू घालायचा, ज्याचे फटके कमी तो जिंकला. वसाहतीत वर्षातून एकदा साहेब आणि कामगार यांची एकत्र स्पर्धा व्हायची. भाऊजींनी ती लागोपाठ तीन वर्षं जिंकली. तिसऱ्या वर्षी मॅनेजर बॅनर्जी साहेबांनी त्यांना विचारलं, "हिरालाल, तुला चेंडू कुठे वळणार हे आधीच कसं कळतं?" भाऊजी म्हणाले, "साहेब, मी बांधीवाला माणूस हाय. चेंडू थोच करते, जे पाणी करते."

हे मात्र खरं होतं. धानाच्या शेताचे आमच्याकडे छोटे छोटे तुकडे असतात, त्यांना बांधी म्हणतात. बांधी सपाट नसली तर एका कोपऱ्यात धान बुडतो आणि दुसऱ्यात वाळतो. भाऊजी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवे बसून नुसत्या नजरेने सांगायचे, हा कोपरा बोटभर वर आहे. रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, दिवसांत अर्धं गाव त्यांना बोलावून न्यायचं. मला विचाराल तर तो माणूस गोल्फ अड्याळच्या चिखलातच शिकला होता. नाव मात्र झालं जवाहरनगरचं. असो.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत पवनीला एक लग्न होतं. वच्छलाबाई नुकतीच स्कूटी शिकलेली, त्यामुळे हॅण्डल तिच्या हातात आणि भाऊजी मागे बसलेले. दिवसाढवळ्या तुरीच्या शेतातून रानडुक्कर निघालं आणि सरळ गाडीवर आलं. बाईला खरचटलं. भाऊजींच्या डाव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गुडघ्याची वाटी फुटली. नागपूरला ऑपरेशन झालं, मांडीत रॉड घातला, आणि पाय बोटभर आखूड झाला. डॉक्टर म्हणाले, चालाल, काठीने चालाल. उकिडवं बसणं विसरा, आणि ते गोल्फ का काय, तेही विसरा.

बाई त्या दिवसापासून गप्प झाली. स्कूटी तिने विकून टाकली. "मी चालवत होतो न," एवढंच एकदा मला म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. मी तिला समजावलं, डुकराला काय लायसन असते का. ती हसली नाही.

आणि इथेच मी माझं डोकं चालवलं. भाऊजींना काठी हवी होती. बाजारातल्या काठ्या लाकडी, गुळगुळीत, हातातून सटकणाऱ्या. पिशवीतली एक काठी मात्र नेमक्या मापाची होती. चेंडू शेवटी हळूच भोकात ढकलायची जी आखूड काठी असते तिला पटर म्हणतात, तीच ती. वर रबराची पकड, कमरेइतकी उंची. मी कटर घेतला, तिचं लोखंडी मुंडकं छाटलं, खाली रबराचं बूच बसवलं, पॉलिश मारलं आणि डिस्चार्जच्या दिवशी त्यांच्या हातात दिली. वर मिशीवर ताव देऊन म्हणालो, "कशी काय जमली, भाऊजी?"

त्यांनी काठी उलटीसुलटी करून पाहिली. कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "जमली," म्हणाले. बस्स, एवढंच. आपण काय कापलं ते तेव्हा मला कळलंच नाही. गाढवाला गुळाची चव काय!

कळलं ते महिनाभराने. बॅनर्जी साहेबांनी भाऊजींसाठी एका जुन्या इंग्रजी सिनेमाची सीडी पाठवली. काळा-पांढरा सिनेमा, खऱ्या माणसाच्या आयुष्यावरचा. क्वार्टरमध्ये शेजारपाजारचे पंधरा-वीस जण जमले. इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, पण कथा समजायला अडचण आली नाही. एक गोल्फचा मोठा खेळाडू बायकोबरोबर गाडीने जात असतो, समोरून बस येऊन धडकते, हाडं मोडतात. डॉक्टर मान हलवतात. आणि तो माणूस लंगडत लंगडत पुन्हा मैदानात उतरतो, पाय बांधून खेळतो. भाऊजी एकटक पाहत होते आणि माझी काठी त्यांच्या मांडीवर आडवी होती. पडद्यावर त्या माणसाने पटर हातात घेतला तेव्हा भाऊजींचा हात नकळत काठीच्या खालच्या टोकाकडे गेला. तिथे रबराचं बूच होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सिनेमा संपल्यावर सगळे हिरोचं कौतुक करू लागले. इतक्या दिवसांनी वच्छलाबाईनं तोंड उघडलं. "थो तं उभा राह्यला. पन त्याले उभं केलं कोनं? थे बायको सारी फिलिम नुसती खुर्चीत बसून रडून राहिली. मी नाही रडत बसत." मग भाऊजींकडे वळून म्हणाली, "रोवणा लागू द्या. मंग पाहू."

तिच्या मनात काय होतं ते जुलैमध्ये दिसलं. भाऊजी रजेवर गावी आले होते. आमच्या चार बांध्यांपैकी एक बाईनं न रोवता नुसता चिखल करून ठेवली होती. बाईनं त्यांना धुऱ्यावरून हाताला धरून खाली उतरवलं. मी ओरडलो, "बाई, रॉड हाय मांडीत! पडले तं?"

"पडले तं चिखलात पडतीन. चिखलात हाड नाही मोडत," ती म्हणाली. "रस्त्यावर मोडते."

काठीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं भाऊजींच्या. ती पुढे, ते मागे. गुडघाभर चिखलातून पाय उपसायचा, पुन्हा रोवायचा. पहिल्या दिवशी बांधीची एक फेरी झाली, तीही तीनदा पडून. शेजारच्या बांधीतल्या रोवणाऱ्या बायका आधी हसल्या, मग मोजू लागल्या. "बारा झाल्या वं वच्छला!" पोळ्याच्या आधी वीस फेऱ्या झाल्या, आणि शेवटच्या आठवड्यात बाई धुऱ्यावर बसून राहिली. काठीही तिच्याजवळच होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी माझ्या दुकानात आले. लंगडत, पण मोकळ्या हाताने. काठी काखेत होती. ती त्यांनी माझ्या ऐरणीवर ठेवली.

"साळेबुवा, मुंडकं कुठं हाय?"

ते दाराखाली होतं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मी सहा महिने ते अडसर म्हणून लावलं होतं. मला लाज वाटली, आणि ती सांगायला आता हरकत नाही. मी ते काढलं, पुसलं.

"भाऊजी, चुकलंच माझं."

"चुकलं कायले? काठी नसती तं मी चाललो असतो काय? आता थिचं काम झालं. जोडून दे."

जोडणं काही सोपं नव्हतं. त्या काठीचा पाइप इतका पातळ, की करंट जरा वाढला की भोक पडतं. शेवटी डॉक्टरने त्यांच्या मांडीत घातला तसा मी आत एक रॉड घातला आणि त्यावर जोड दिला. बोराएवढी गाठ राहिली. घासून सफाई करतो म्हणालो, तर भाऊजी म्हणाले, "राहू दे. घासशीन तं कमजोर होईन." मोच्याकडून डाव्या बुटाखाली टायरचा तुकडा ठोकून घेतला आणि ते कामावर रुजू झाले.

पुढच्या जानेवारीत नागपूरला एका मोठ्या मैदानावर स्पर्धा झाली. ठिकठिकाणच्या गोल्फ मैदानांवर राबणाऱ्या माळ्यांची, चेंडू उचलणाऱ्यांची, चौकीदारांची. पिशवी उचलायला मी होतो, आणि बाईही आली होती. तिथे अठरा भोकं, म्हणजे आमच्या दुप्पट चाल. वाळू नाही, खरी हिरवळ, गालिच्यासारखी, उंचसखल. बाराव्या भोकापर्यंत भाऊजींचा गुडघा नारळाएवढा सुजला. मी म्हटलं, थांबू. ते म्हणाले, "बांधी समज."

अठराव्यावर पोचलो तेव्हा जबलपूरचा एक जण एकोणऐंशी फटक्यांत खेळ संपवून बसला होता. भाऊजींचे सत्त्याहत्तर झाले होते आणि चेंडू भोकापासून आठ-दहा हात लांब. एका फटक्यात गेला तर जिंकले. नाही गेला तर बरोबरी, आणि बरोबरीत आणखी भोकं खेळायची. तो पाय आणखी एक भोकही चालला नसता, हे मला दिसत होतं आणि त्यांनाही.

पूर्वी अशा वेळी ते उकिडवे बसून उतार पाहायचे. आता बसता येत नव्हतं.

"अनुप, तू बस. तू पाह्य."

मी बसलो. पाहिलं आणि म्हणालो, "डावीकडं उतार हाय, भाऊजी." आधीचे सगळे तसंच समजून खेळले होते.

"थे तुले दिसून राहिलं. पानी सोडलं तं कोनता कोपरा आधी भरन?"

मी पुन्हा पाहिलं. या वेळी जमिनीकडे नाही, गवताकडे. उजव्या कोपऱ्यातलं गवत जरासं जास्त काळपट हिरवं होतं, जिथे पाणी मुरतं तिथे धान होतो तसं. "उजवा," मी म्हणालो. "उजवा कोपरा भरन."

"मलेही तसंच वाटते," भाऊजी म्हणाले. त्यांनी डावीकडे तोंड करून काठी हलवली. लोकांत कुजबुज झाली, माळी चुकला म्हणून. चेंडू डावीकडे गेला, निम्म्या वाटेवर थबकल्यासारखा झाला, मग उजवीकडे वळला, एखाद्या शहाण्या पाण्यासारखा, आणि भोकात पडला. मी उठलो की ओरडलो की रडलो, मला आठवत नाही. तिन्ही केलं असेल.

कपाच्या वेळी बाईला कडेला उभं पाहून भाऊजींनी तिला हात धरून मंचावर ओढलं. फोटोवाला म्हणाला, "काका, काठी जरा फिरवून धरा, तो वेल्डिंगचा गोळा वाईट दिसतोय."

भाऊजींनी काठी फिरवली, पण गाठ कॅमेऱ्याकडे आली अशी. "हे माह्या साळ्यानं जोडलं हाय," ते म्हणाले. "हेच दिसू द्या."

तो फोटो माझ्या दुकानात लावलेला आहे. कप छोटा आहे, बाईचा पदर वाऱ्याने तोंडावर आलाय, आणि गाठ अगदी मधोमध आहे. गिऱ्हाईक विचारतं, हा जोड कोणाचा? मी मान ताठ करून सांगतो, माझा.