कोऱ्या तळाची टाकी आणि बिळातली जोडी

रविवार, संक्रांतीचा आदला दिवस. हजर: मी, आमचे हे, सासूबाई, खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक गोबी मासा आणि एक कोळंबी.

या दोघांची जोडी असते. कोळंबीला धड दिसत नाही, ती बीळ खणते. बोटभर गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा करतो. दुकानदाराने हे सांगितलं होतं, तरी टाकीचा तळ मी कोराच ठेवला. वाळूत घाण साठते, आणि कोऱ्या काचेवरची घाण नळीने पाच मिनिटांत ओढून होते. परिणाम असा की गोबी बुधवारपासून पंपामागे दडलेला, काही खाईना, पोट आत गेलेलं. असेच आणखी दोन दिवस गेले तर वाचायचा नाही.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "तुले फरशी जोयजे, त्याले माती जोयजे," म्हणाल्या.

वाळू आणायची नाही यावर मी ठाम. मग ह्यांनी तोड काढली. हे डिंडोलीच्या लूम कारखान्यात कापडाच्या मागांवर मास्तर. तिथली धागा गुंडाळायची एक रिकामी प्लास्टिकची बॉबिन घरात पडून होती. पोकळ, दोन्ही तोंडं उघडी, म्हणजे तयार बीळ. नळाखाली विसळून टाकीत ठेवली. कोळंबी लगेच आत शिरली आणि आम्ही चहा घ्यायला बसलो.

चहा संपतो तोवर पाण्यावर सप्तरंगी तवंग. धाग्याला तेल असतं हे ह्यांना बावीस वर्षं ठाऊक. पण आमच्याकडे शर्टांना, टॉवेलांना, उशांनाही तोच वास. बॉबिनचा वेगळा कोणाला येणार? हे बादली आणायला उठले. विसळली मीच होती, म्हणून मीही वर्तमानपत्र शोधायला लागले.

बॉबिन काढली, कोळंबी तयार खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवली; गोबी पंपामागून निघेना, तो तिथेच राहिला. तवंग वर्तमानपत्राने टिपला, अर्धं पाणी बदललं. मग पर्स उचलली आणि वाळू आणली. तळावर मात्र पसरली नाही: नव्या डब्यात चार बोटं धुतलेली वाळू, त्यात पाइपाचा तुकडा अर्धा पुरलेला, आणि तो डबा टाकीत.

"डब्यातली शेती," हे म्हणाले.

परत सोडलेल्या कोळंबीने तासाभरात पाइपाखाली खणायला घेतलं. गोबी पंपामागून निघाला, डब्याच्या काठावरून डोकावला आणि आत उतरला. सासूबाई नुसत्या हसल्या. खाणं मात्र त्याने अजून तोंडात घेतलेलं नाही. गोठवलेला खाऊ वाटीत वितळत ठेवलाय. ड्रॉपरने तोंडाशी नेऊन त्याला भरवायचं राहिलंय.