ओटीचे गहू आणि बदकांचं बेट

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांमधून फिरणाऱ्या एका छोट्या जहाजावर मी आणि माझी थोरली बहीण गेलो होतो. मी संभाजीनगरात राहते, अक्का फुलंब्रीला शेती करते. तिचा मुलगा तिकडे नोकरीला आहे, तिकिटं त्यानेच काढली. डोंगर, बर्फ अक्काला दोन दिवसांत पुरे झाले. एकच बेट तिला पाहायचं होतं. तिथली माणसं रानबदकांसाठी घरं बांधतात, असं तिने ऐकलं होतं.

"पाळलेलं नाय, अन् आपण होऊन घरात येतंय व्हय?" सकाळपासून ती हेच विचारत होती.

बाहेरचं बी बेटावर रुजू नये म्हणून उतरण्याआधी सगळ्यांचे खिसे आणि बूट तपासत. आम्ही रांगेत शेवटच्या. तपासणाऱ्या मुलीने अक्काच्या जाकिटाचा खिसा उलटा केला, तर मूठभर गहू निघाले. घरून निघताना सुनेने ओटी भरली होती, त्यातले.

मुलीने कचऱ्याचा डबा पुढे केला. अक्काने गहू मुठीत घेतले.

"तिला सांग, ओटीचे गहू असे टाकत नसतेत."

"टाकले नाहीस तर उतरू देणार नाहीत."

"मग नाय उतरत."

बोलताना नजर मात्र बेटावर होती. खोलीत ठेवून यायला वेळ नव्हता, खालून होडीवाला हाका मारत होता. ओटीचं धान्य बाईने घरी शिजवून खायचं, एवढाच काय तो रिवाज.

"शिजवायचं राहू दे. खाऊन टाक," मी म्हणाले.

"कच्चे?"

"खळ्यावर काय शिजवून खायचीस?"

तिने तोंडात टाकले. सगळे मावेनात, तेव्हा उरलेले मी घेतले.

"माझी ओटी खातीस व्हय गं," गाल फुगलेले असतानाही ती बोललीच. मुलीने रिकामा खिसा मशीनने झाडून घेतला आणि आम्हाला सोडलं.

बदकांची घरं म्हणजे दगडांच्या आडोशाला गुडघाभर उंचीची लाकडी खोपटी, आत वाळलेल्या समुद्री शेवाळाची गादी. तिथल्या बाईने सांगितलं, दर वसंतात गादी नवी करायची, गोंगाट करायचा नाही आणि वाट बघायची. बदकी समुद्रातून येते, अंडी उबवते आणि पिलं घेऊन निघून जाते. मागे राहिलेल्या मऊ पिसांच्या रजया होतात.

मी भाषांतर करत होते. अक्काचे प्रश्न संपेनात.

"दरसाल तीच येती का?"

"बहुतेक तीच."

"दाणापाणी कोण करतं?"

"कोणी नाही. समुद्रात जाऊन तीच खाते."

"मग म्हशीपेक्षा लई बरं."

एका खोपटात बदकी बसलेली होती. अक्का लांबूनच वाकून बघत राहिली. मधेच तिने दाढेला जीभ लावली आणि थांबली.

"गव्हाचा दाणा अडकलाय."

"थुंकू नकोस," मी म्हणाले.

"गिळला. आता तिला इचार, पिसं नेल्यावर बदकी रुसत नाय का?"