आमचे साडू आणि जपानी फुटबॉल

ज्या दिवशी धीर नावाची वस्तू वाटली गेली, त्या दिवशी आमचे साडू रांगेत नक्की उभे होते. पण नंबर येईपर्यंत ते तिथे थांबले असतील, हे मी शपथेवर सांगायला तयार नाही. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मिळून त्यांच्याइतका उतावळा माणूस सापडायचा नाही. साडू राहतात शेळगावला, मी बारामतीत. एमआयडीसीतल्या एका डेअरीत ते कामाला आहेत, त्यामुळे येता-जाता त्यांची मोटारसायकल आमच्या दाराशी लागते. "बसत न्हाय, निघतोच," असं म्हणत ते आत येतात, बसतात, उठतात, खिडकीतून बाहेर बघतात, पुन्हा बसतात, आणि चहा उकळायच्या आत स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आमच्या सौभाग्यवतींना म्हणतात, "आक्का, गाळा की आता! रंग आलाय न्हवं? मग झाला चहा." शेळगावला त्यांचा उसाचा एक तुकडा आहे. लागण करून आठवडा होत नाही तोच हे सरीत उकिडवे बसून बोटाने माती उकरतात, कांडीवरचा डोळा फुगला का, कोंब येतोय का ते बघतात, कांडी पुन्हा पुरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकरतात. त्या बिचाऱ्या उसाला उगवायला उसंतच मिळत नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीत सारं गाव गाण्यांच्या तालावर पावलापावलानं पुढे सरकत असतं, साडू मात्र मिरवणूक सोडून विहारापर्यंत धावत जातात आणि तिथल्या माणसांना विचारतात, "मिरवणूक आली का?" ती माणसं म्हणतात, "आवो, तुमी मिरवणुकीतनंच आलाय न्हवं?" मग ते धावत परत येतात आणि नाचणाऱ्यांना सांगतात, "अजून पोचली न्हाय."

अशा माणसाला डेअरीतल्या कुणा शहाण्याने सुरुवातीला दह्याच्या विभागात नेमलं होतं. वाऱ्याला दिव्याची राखण सांगावी, तशातला प्रकार. दही लागलं का ते बघायला साडू कप हलवत, झाकणावर टिचकी मारत, कानाशी नेऊन ऐकत. हलवलेलं दही लागत नाही, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. साडूंनाही ठाऊक होतं, पण हाताला ठाऊक नव्हतं. शेवटी सुपरवायझरने हात जोडले आणि त्यांना टँकरच्या आवारात पाठवलं. तिथे सारखी एक गाडी येते, एक जाते. साडू तिथे सुखात आहेत.

पण खरा छळ त्यांना होतो तो गोष्टींचा. गोष्टीत पुढे काय होणार, ही कल्पनाच त्यांना सोसत नाही. इंदापुरात सिनेमाला गेले की आधीच्या खेळाची माणसं बाहेर पडेपर्यंत दारात उभे राहतात आणि दिसेल त्याला विचारतात, "शेवटाला हिरो जगतोय न्हवं?" एकदा कुणीतरी "न्हाय ओ, मरतोय," म्हणालं, तर हे तिकीट खिशात घालून घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. पुस्तक हातात आलं की ते आधी शेवटचं पान वाचतात. सगळं ठीक असेल तर मग बाकीचं वाचायची गरज उरत नाही, आणि ठीक नसेल तर इच्छा उरत नाही. अशा रीतीने साडूंनी अनेक पुस्तकांची अनेक शेवटची पानं वाचली होती आणि सुरुवात एकाचीही नाही.

हा क्रम मोडला तो जपानी माणसाने.

साडूंची लेक तनुजा तेव्हा नववीत होती. तिच्या मैत्रिणीचा भाऊ पुण्यात नोकरीला; गावी येताना तो जपानी चित्रकथांच्या, म्हणजे पोरं ज्यांना मँगा म्हणतात त्यांच्या, इंग्रजी पुस्तकांचा एकेक भाग आणायचा. साडूंनी एक भाग उचलला आणि नेहमीप्रमाणे शेवटचं पान उघडलं. चित्रात एक पोरगी आरशासमोर कात्रीने स्वतःचे केस कापत होती. डोळ्यांत पाणी, बाजूला बांधलेली पिशवी. साडूंनी पुस्तक मिटलं. "अरारा! वाईट झालं पोरीचं," असं म्हणत ते कामावर गेले, आणि त्या दिवशी एक टँकर चुकीच्या दाराशी लावून आले. संध्याकाळी तनुजाने विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला. ती पोट धरून हसली. "पप्पा, ही पुस्तकं आपल्या उलटी असत्यात. मागनं सुरू व्हत्यात. तुमी पयलं पान वाचलंय!"

साडूंनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. मग मला त्यांनी ऐकवलं, "भाऊ, जपानी माणूस लय पोचलेला. माझ्यासारखी माणसं जगात हायत हे वळखून त्यानं बांधणीच फिरवली बघा." फसून का होईना, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गोष्टीची सुरुवात वाचली होती, आणि सुरुवात वाचलेला माणूस पुढे अडकतोच.

गोष्ट अशी होती. बंदराच्या गावातली एक पोरगी, फुटबॉलची वेडी. गावात मुलींचा संघ नाही. म्हणून ती केस कापते, चुलतभावाचं नाव घेते आणि दूरच्या मुलांच्या शाळेत दाखल होऊन तिथल्या संघात शिरते. संघाचा कप्तान तिचा जिवलग दोस्त होतो. ही त्याच्यावर जीव लावून बसते, आणि तो बिचारा तिला "भावा, भावा" म्हणत पाठीवर थापा मारत राहतो. साडूंचं इंग्रजी बेतास बात, म्हणून तनुजा त्यांना मराठीत करून वाचून दाखवायची. तिच्या तोंडून तो जपानी कप्तान पक्का इंदापूरकर होऊन बोलायचा: "काय मर्दा, बूट नीट बांध की, पडशील तोंडावर!" साडू अंथरुणावर उठून बसत. "वळखलं का त्यानं? वळखलं का?" आणि भाग तिथेच संपे. पुढचा भाग पुण्याहून यायला दिवाळी किंवा गावची जत्रा यावी लागे.

मधल्या काळात साडूंनी डेअरीचं आवार पेटवलं. पोरीने कप्तानाला खरं सांगावं की नाही, यावर दोन तट पडले. गेटवरचा रखवालदार म्हणे, "आजिबात सांगू ने. फायनल व्हऊ द्यावी." पिंपळीचा एक टँकर ड्रायव्हर चिडून म्हणे, "आन त्या पोराचं काय? उद्या त्याचं लगीन दुसरीकडं जमलं म्हंजी?" एका नव्या कामगाराने न राहवून विचारलं, "पर पोरगी कुणाची ही?"

"जपानची," साडू म्हणाले.

"मग तुमचा का जीव चाललाय?"

"जीव काय पासपोर्ट बघून जातोय व्हय रं?"

इथपर्यंत सगळी मजाच होती. पण तनुजा हे पुस्तक नुसतं वाचत नव्हती. शेळगावच्या तिच्या शाळेत कोल्हापूरहून खेळाचे एक नवे सर आले होते, आणि कोल्हापूरचा माणूस कुठेही गेला तरी फुटबॉल घेऊन जातो. कबड्डीच्या गावात त्यांनी मुलांचा संघ उभा केला. तनुजा सुरुवातीला चेंडू आणून द्यायची, मग खेळायला लागली, आणि बघता बघता बॅकच्या जागी अशी रुतली की पोरं म्हणायची, "तिच्या बाजूनं जाऊ नगं, चेंडू बी जाईल आन पाय बी." बारामतीत शाळांची स्पर्धा जाहीर झाली. स्पर्धा मुलांची. मुलींचा संघ पंचक्रोशीत नव्हता. सरांनी तिचं नाव यादीतून वगळलं. तनुजा दोन दिवस भाकरी कुस्करत बसली.

आणि साडूंच्या डोक्यात जपान शिरला! कुणाला न विचारता ते बारामतीला संयोजकांकडे जाऊन शेळगावच्या संघात 'तानाजी' असं नाव लावून आले. येताना पाठीवर तेच नाव छापलेला टी-शर्ट आणला. घरी पोचायच्या आधी न्हाव्याला घेऊनच पोचले. मी त्या दिवशी योगायोगाने शेळगावला होतो. अंगणात पाट मांडलेला, न्हावी कात्री काढून उभा आणि साडू येरझाऱ्या घालतायत.

"बस पटकन. वेळ न्हाय."

"मी केस कापणार न्हाय, पप्पा," तनुजा म्हणाली.

"अगं, त्या पोरीनं कापलं की!"

"कापलं. आन मग? लागलं तर रडता येईना, घरी फोन केला तर आवाज बदलून बोलायचा, झोपताना बी भ्या. तुमी सगळे भाग ऐकलेत न्हवं? ती एकदा तरी मनमोकळी हसलीय का, सांगा."

साडू बोटं मोजू लागले. मनातल्या मनात सगळे भाग चाळले असावेत. मग म्हणाले, "पर बाळा, मग तुला खेळवणार न्हाईत."

"न्हाय खेळवलं तर माघारी यीन. पर माझ्या नावानं माघारी यीन."

न्हावी म्हणाला, "मग म्या जाऊ का थांबू?"

"आलाच हायसा तर ह्यांची कापा," आमच्या मेहुणीबाई आतून म्हणाल्या, "डोकं जरा गार व्हईल."

सामन्याच्या सकाळी बारामतीच्या मैदानावर आम्ही सगळे हजर. समोर पिंपळीच्या शाळेचा संघ. लाऊडस्पीकरवर नावं पुकारली जाऊ लागली आणि "शेळगाव, बॅक, तानाजी" असं नाव घुमलं. साडूंनी माझा दंड असा धरला की वळ उठले. तनुजा पाठीवर वेणी सोडून, शाळेचा साधा टी-शर्ट घालून, सरळ संयोजकांच्या टेबलाशी गेली. तिथे पांढऱ्या मिशांचे एक आबा शिट्टी गळ्यात अडकवून बसले होते.

"आबा, तानाजी कोण न्हाय. मी तनुजा हाय. बॅकला मीच खेळते."

"ही मुलांची स्पर्धा हाय, बाळ."

"म्हाईतंय. म्हणूनच इचारायला आले."

आता साडूंना कुठला धीर! ते गर्दी फोडत टेबलाशी पोचले. "आबा, नाव म्या दिलं, म्या! पोरीचा काय बी संबंध न्हाय. तिनं तर मला झापलंय." आबांनी त्यांच्या ताज्या हजामतीकडे बघितलं, पोरीच्या वेणीकडे बघितलं आणि मान हलवली. नियम म्हणजे नियम. तेवढ्यात शेळगावची पोरं मैदानात मांडी घालून बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. सर आबांना म्हणाले, "पोरांचं म्हणणं असं हाय, ती न्हाय तर आम्हीबी न्हाय." सरांचा चेहरा बघून वाटलं, नाड्या सोडायची कल्पना सगळीच पोरांची नसावी.

पेच सुटला तो पिंपळीच्या सरांमुळे. ते घामाघूम होऊन पुढे आले. "आबा, आमची पोरं टेंपोत उभी राहून आलीत. न खेळता माघारी नेली तर ती मलाच टेंपोत घ्यायची न्हाईत. खेळवा पोरीला. आमची हरकत न्हाय म्हणून सांगतो."

आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि माइकवाल्याला म्हणाले, "तानाजी खोड. तनुजा म्हण. आन जरा जोरात म्हण."

पुढचा सामना मी पाहिला. साडूंनी पाहिला असं म्हणता येणार नाही. ते मैदानाभोवती फिरत होते, मध्येच गाडीपाशी जात होते, परत येत होते. कुल्फीवाल्यालाही त्यांनी विचारलं, "शेवटाला काय व्हतंय वो?" तो म्हणाला, "मला काय म्हाईत? सामना चालू हाय न्हवं!" साडू कळवळून माझ्याकडे बघत राहिले. जगात अशी एक गोष्ट होती जिचं शेवटचं पान अजून कुणाकडेच नव्हतं, आणि तिच्यात त्यांची पोरगी होती.

शेळगाव एका गोलने हरलं. तो गोल तनुजाच्या बाजूने झाला नाही, एवढं लिहितो. तिचा काका आहे मी. शिट्टी वाजली तशी ती मैदानातच बसून मोठ्याने रडली. मग पिंपळीचा तो फॉरवर्ड, ज्याला तिने सामनाभर हलू दिलं नव्हतं, पाण्याची बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "लय तापदायक हाईस गं तू." ती गुडघ्याची माती झाडता झाडता खदाखदा हसली. दूर गाडीपाशी उभ्या असलेल्या साडूंना ते हसणं ऐकू आलं. ते गाडीच्या आरशात बघून डोळ्यांत काही गेलंय का ते तपासू लागले.

सामना बघायला बारामतीत मुलींचा संघ बांधू पाहणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी तनुजाला सरावाला बोलावलं. शाळा सुटल्यावर रोज शेळगावहून वेळेत पोचणं शक्य नव्हतं. आमच्याकडे राहील, इथल्याच शाळेत जाईल, असं ठरलं. ठरलं म्हणजे बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत साडू "जा" म्हणाले. एवढ्या घाईने दिलेल्या शब्दाचा अर्थ त्यांना घरी पोचल्यावर कळला असावा. मेहुणीबाई फोनवर सांगतात, हल्ली ते घरी आल्या आल्या जेवून घेतात आणि मग काय करावं ते सुचत नाही म्हणून भांडी लावतात.

सरावाला यायची त्यांना बंदी आहे. तनुजाने स्पष्ट सांगितलंय, "तुमी फेऱ्या मारायला लागला की माझं ध्यान तिकडं जातंय, पप्पा." त्यामुळे ते येत नाहीत. फक्त कामावरून सुटायच्या वेळेनंतर मैदानाच्या कुंपणापलीकडे कडुलिंबाच्या झाडाखाली एक मोटारसायकल उभी असते. तिच्यावर हेल्मेट घातलेला, काच खाली ओढलेला एक माणूस बसलेला असतो. आमच्या रस्त्यांवर हेल्मेट घालणारा माणूस तसाही मैलावरून ओळखू येतो, आणि हा तर गाडी बंद असतानाही ते काढत नाही. तो फेऱ्या मारत नाही. घड्याळ बघत नाही. सराव संपेपर्यंत नुसता बसून असतो.

मी एकदा तनुजाला हळूच म्हणालो, "तिकडे कोण आहे, पाहिलंस का?"

ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हाईतंय, काका. पयल्या दिवसापास्नं म्हाईतंय. तुमी सांगू नका त्यांना, मला कळलंय म्हणून. लाजतील आन यायचं बंद करतील."

मी सांगितलेलं नाही. पण एक गोष्ट रोज बघतो. चेंडूवर इतकी हुकमत असलेल्या या पोरीच्या पायातून सराव संपता संपता एक चेंडू हटकून सुटतो आणि घरंगळत कुंपणाशी जातो. तो आणायला ती स्वतः जाते. पळत नाही, चालत जाते, सावकाश. वाकते, चेंडूवरची माती हाताने पुसते, उगाच पुन्हा पुसते. आणि कुंपणापलीकडचा तो माणूस, आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून, मान दुसरीकडे वळवून बसून राहतो.