दारातला वायवर्णा

बायको गेली आणि तिची देवपूजा माझ्या गळ्यात पडली. मी काही देवभोळा नाही. पण तिची महादेवाची पिंड कोपऱ्यात कोरडी ठेवणं जिवावर आलं, म्हणून दर सोमवारी फाटकाजवळच्या झाडाची पानं तोडायची आणि पिंडीवर वाहायची. एका देठाला तीन पानं, म्हणजे बेलच. यात काय कळायचंय, असं मला वाटत होतं.

माझी सगळी नोकरी पूर्णा जंक्शनला, सिग्नलच्या केबिनमध्ये गेली. गाड्यांचे नंबर सोडून फार बोलायची वेळ आली नाही, आणि हौसही नव्हती. निवृत्तीनंतर येलदरीजवळ, तिच्या माहेरगावी आम्ही घर बांधलं. दिवसभर दारात माणसं. मी आत पेपर वाचायचो आणि अधूनमधून "हळू बोला की जरा" म्हणून ओरडायचो. ती गेल्यावर पंधरा दिवसांत माणसं यायची थांबली. ती सगळी तिच्याकडं येत होती, हे तेव्हा कळलं.

श्रावणातल्या एका सोमवारी तीच पानं हातात घेऊन मी किराणा दुकानात काडेपेटी आणायला गेलो. दुकानदार आप्पा माझ्याच वयाचे, गळ्यात लिंग असलेले, शिवपूजेशिवाय चहासुद्धा न घेणारे. मी गावाचा जावई म्हणून त्यांचा दाजी.

"दाजी, हे पिंडीवर वाहायलाव का?"

"हो. बेल आहे ना."

"बेल न्हाई हे!"

त्यांनी आतून पूजेतला बेल आणला आणि माझी शाळा घेतली. बेलाला काटे असतात. माझ्या झाडाला एक तरी दिसला होता का? बेलाचं मधलं पान लांब देठावर पुढं आलेलं असतं, माझी तिन्ही एकाच ठिकाणी चिकटलेली. बेल चुरगाळला तर वास बोटांवर राहतो, आणि उन्हाकडं धरला तर आत बारीक ठिपके चमकतात. माझ्या पानात ठिपकाही नव्हता आणि तो वासही नव्हता. चार महिने मी महादेवाला भलताच पाला वाहिला होता. आप्पा पोट धरून हसले, मग चहा मागवला.

"मग हे झाड कोणतं?"

"ते मलाबी ठावं न्हाई. बघू की हुडकून."

अर्धा तास कसा गेला कळलं नाही. ती गेल्यापासून इतका वेळ मी कुणाशी बोललो नव्हतो. काडेपेटी दुकानातच राहिली.

मग रोजचंच झालं. कधी पान, कधी सालीचा कपटा, कधी लांब देठाला लटकलेलं लिंबाएवढं फळ खिशात घालून मी दुकानात जायचो. आप्पा चष्मा चढवून निरखायचे, काहीतरी नाव ठोकून द्यायचे, मी ते खोडून काढायचो. येणारं गिऱ्हाईकही त्यात पडायचं. साठी उलटल्यावर मी गप्पिष्ट झालो.

दिवाळीनंतर शेजारच्या शेतातली म्हातारी फाटकाशी थांबली. मी झाडाखाली फळं वेचत होतो.

"काय हुडकायलाव, जावई?"

"या झाडाचं नाव सापडेना."

"वायवर्णा हाय की! सालीचा काढा मुतखड्यावर देतेत. चैतात पांढऱ्या फुलांनी भरतंय, मग तीच फुलं पिवळी पडतेत. आमच्या पोरीनं सांगितलं न्हाई व्हय तुमाला?"

आमची पोरगी म्हणजे माझी बायको. तिनं सांगितलंही असेल. मी पेपरातून मान वर काढली नसेल.

नाव कळल्याचा आनंद व्हायला हवा होता. उलट धस्स झालं. उद्या आप्पांकडं काय घेऊन जायचं? दुसऱ्या दिवशी पान खिशात घालून गेलो आणि चक्क खोटं बोललो, "काही पत्ता लागेना, आप्पा." तीन आठवडे हे नाटक चाललं. मला लाज वाटायची, तरी पाय तिकडंच वळायचे.

एक दिवस म्हातारी गूळ घ्यायला आली. माझ्या हातात पान, आप्पांच्या डोळ्यांवर चष्मा.

"अजून हेच? म्या कवाच सांगितलंय ह्यास्नी, वायवर्णा म्हणून! काखेत कळसा आन् गावाला वळसा!"

आप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, चष्मा काढला आणि गूळ तोलायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून घरी आलो.

आठ दिवस दुकानाकडं फिरकलो नाही. मला शोधत कुणी आलं नाही, आणि यावं असं मी कुणाचं काही केलंही नव्हतं. दूधवाला माप ओतून निघून जायचा. मी अंगण झाडायचो, दुपारी पुन्हा झाडायचो. एकदा खोकला आला तर माझाच आवाज मला परका वाटला.

नवव्या दिवशी संध्याकाळी सदरा घातला आणि गेलो. आप्पा वहीतून मान वर न करता म्हणाले, "काय पायजे, दाजी?"

समोर फळीवर चहाची पुडी होती, साबण होता, उदबत्ती होती. काहीही मागता आलं असतं.

"काही नको," मी म्हणालो. "घरात एकट्याला करमत नाही, म्हणून आलो."