गड्याएवढं पोतं

नवऱ्याचं काम मी घालवलं, आणि तेही मिरवत. आज नाती मला हुशार आजी म्हणतात, तेव्हा ती पदर खोचलेली बावळट पोरगी आठवून मला हसू फुटतं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्या निलंग्याकडच्या विहिरींत घागर बुडत नव्हती. बिऱ्हाड गुंडाळून, पोरं घेऊन आम्ही नवराबायको लातूरच्या एका डाळमिलमध्ये लागलो. तो पोती वाहायचा, मी बायांच्या रांगेत बसून डाळीतले खडे वेचायची. दिवस दोघांचा सारखाच, मजुरी मला त्याच्या निम्मी. दोघांची मिळून पोरांपुरती ज्वारी यायची. एकाची मजुरी थांबली की चूल थांबणार.

मिलच्या मालकाला सगळे अप्पा म्हणत. एका पगाराला मी तोंड उघडलं, "अप्पा, बाईचं पोट अर्धं असतंय का?"

अप्पा हसले. "पोती उचल. गड्याएवढं काम, गड्याएवढी मजुरी."

झालं! शहाणीने कासोटा आवळला.

"अगं, कंबर मोडंल," नवरा म्हणाला.

"पाठीवर द्या म्हणते ना!"

त्यानेच पोतं उचलून माझ्या पाठीवर दिलं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि बाया ओरडत होत्या, "वाघीण हायस गं!" मला तेच ऐकू येत होतं. दिवस मावळेपर्यंत मी वाहत राहिले.

संध्याकाळी अप्पांनी मुकादमाला हाक मारली. "उद्यापासून पोती अर्धी भरा. बाया लावा. गडी बंद."

"आणि मजुरी, अप्पा?" मी विचारलं.

"बाईची हाय तीच. पोतं अर्धं, मजुरी अर्धी."

"पण मी आख्खं उचललं!"

"व्हय, बघितलं ना. म्हणूनच."

फाटकाबाहेर गावोगावचे रिकामे गडी बसलेले होते. आता त्यांत आमच्या मिलचे गडी मिसळले. नवऱ्याला मी म्हणाले, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत साहेब बसतो, त्याला सांगू. म्हणाले खरी, पण कचेरीत गेले तर माझाही दिवस बुडणार, आणि रात्री पोरांपुढे काय ठेवणार?

 खोपटात आल्यावर तो माझ्या सोललेल्या पाठीला तेल लावता लावता म्हणाला, "उद्या पोतं पाठीवर द्यायला मी न्हाई. गुडघे वाकवून घे. झटका देऊन उठू नको."